लंबक आणि आवाजाचा वेग: तासाआधी फोनची तयारी

आदल्या दिवशीच सगळे फोन गोळा करून प्रत्येकावर फायफॉक्स टाकून घ्या. जर्मनीतल्या आखेनच्या विद्यापीठाचं हे अ‍ॅप मोफत आहे आणि मोजमापाला इंटरनेट लागत नाही. पण नाशिक जिल्ह्यातल्या पेठ-सुरगाण्याकडच्या शाळेत आयत्या वेळी डाउनलोड होईल या भरवशावर राहू नका. फोनमध्ये जायरोस्कोप, म्हणजे फिरण्याचा वेग मोजणारा सेन्सर, आहे का तेही बघा. स्वस्तातल्या फोनमध्ये तो बरेचदा नसतो आणि अ‍ॅपमधला लंबकाचा प्रयोग त्याच्यावरच चालतो.

नसला तरी फोन बाद नाही, त्वरण मोजणाऱ्या अ‍ॅक्सिलरोमीटरवर भागतं. खोच एवढीच, की दोरीवरचा ताण एका आंदोलनात दोनदा वाढतो, म्हणून आलेखात शिखरंही दोन येतात. मुलं लागोपाठच्या शिखरांमधला वेळच दोलनकाळ (एका पूर्ण आंदोलनाचा वेळ) धरतात. तो निम्मा झाला की ‘जी’ (गुरुत्वत्वरण) चौपट, म्हणजे ३९ येतो. येऊ द्या; लगेच दुरुस्त करायची घाई नको.

दोरी सुती घ्या, नायलॉन ताणतं. फोन कापडी पिशवीत घालून दोन्ही टोकांना दोऱ्या बांधा. एकाच दोरीवर तो गरगर फिरतो. लांबी १ मीटर ठेवा, पण मोजा आधारापासून फोनच्या मध्यापर्यंत सरळ उभी. गाठीपर्यंत मोजून १ सेंमी चुकलात तर ‘जी’ १ टक्क्याने चुकला. बाजूला १७ सेंमीपेक्षा जास्त ओढू नका, तेवढ्यात १० अंश होतात. खाली गादी हवीच. नाशिकला ‘जी’ ९.७८च्या आसपास आहे, त्यामुळे ९.८च हवा असा हट्ट नको.

आवाजाच्या वेगासाठी फायफॉक्समधलं ध्वनी-स्टॉपवॉच (आवाजाने सुरू-बंद होणारं घड्याळ) लावलेले दोन फोन ५ मीटरवर ठेवा. एकाजवळच्या टाळीने दोन्ही सुरू होतात, दुसऱ्याजवळच्या टाळीने बंद. दोन्हींवरच्या वेळांतला फरक म्हणजे आवाजाला १० मीटर जायला लागलेला वेळ, साधारण २९ मिलिसेकंद. फोनमधलं अंतर ५ मीटरहून कमी केलंत तर चूकच मोठी होते. शाळा मुंबई-आग्रा महामार्गालगत असेल तर हॉर्ननेच घड्याळ सुरू होतं, म्हणून घड्याळ सुरू व्हायला लागणाऱ्या आवाजाची मर्यादा वाढवा आणि पंखे बंद ठेवा. थर्मामीटर विसरू नका: जानेवारीच्या सकाळी १० अंशांना वेग सेकंदाला ३३७ मीटर, एप्रिलच्या दुपारी ३८ अंशांना ३५४.

आलेख प्रोजेक्टरवर दाखवायचा तर लॅपटॉप आणि लंबकाचा फोन एकाच हॉटस्पॉटवर हवेत. लंबकाचा फोन विमान मोडवर टाकून वाय-फाय पुन्हा चालू करा, नाहीतर कॉल आला की आलेखात त्याची थरथर उमटते. हॉटस्पॉटसाठी तिसरा फोन ठेवा.