ब्रेक डिस्क निवडताना आधी उष्णतेचा विचार करा

ब्रेक डिस्क म्हणजे चाकाबरोबर फिरणारी चकती. ब्रेक दाबला की पॅड, म्हणजे घर्षणाचे ठोकळे, तिला दोन्ही बाजूंनी दाबून धरतात. ती बदलायला येणारे निम्मे लोक पहिला प्रश्न विचारतात, "भोकांची टाकली तर ब्रेक चांगला लागेल ना?" मी त्यांना आधी गाडीचं वजन विचारतो. ताशी १०० किलोमीटरने धावणारी १२०० किलोची गाडी पूर्ण थांबवली की साधारण ४ लाख ६० हजार ज्यूल उष्णता तयार होते. तेवढ्यात जवळपास १.४ लिटर गार पाणी उकळीला येतं. ही सगळी उष्णता काही सेकंदांत चार चाकांतल्या ब्रेकमध्ये शिरते आणि तिचा मोठा वाटा पुढच्या दोन डिस्कवर पडतो, कारण ब्रेक दाबला की गाडीचा भार पुढे झुकतो. डिस्क ती उष्णता किती साठवते आणि किती लवकर बाहेर टाकते, यावर तिची लायकी ठरते. डिस्कचे सगळे प्रकार याच प्रश्नाची वेगवेगळी उत्तरं आहेत.

सगळ्यात साधी ती सलग, भरीव डिस्क. बिडाची (ओतीव लोखंडाची) एकच चकती, बहुतेक वेळा १० ते १२ मिलिमीटर जाडीची. मागच्या चाकांना आणि हलक्या गाड्यांना ती पुरते. स्वस्त, हलकी, बसवायला सोपी. घाट उतरताना सारखा ब्रेक लागला तर मात्र लवकर तापते आणि लवकर निवत नाही.

पुढे बहुतेक गाड्यांना व्हेंटिलेटेड डिस्क असते. दोन चकत्या आणि मध्ये पात्यांची रांग. चाक फिरतं तशी ही डिस्क पंख्यासारखी काम करते, मधून हवा ओढते आणि कडेने बाहेर फेकते. इथे एक चूक मी बऱ्याच गाड्यांवर पाहिली आहे. पाती सरळ असतील तर डिस्क डावीकडे लावा की उजवीकडे, फरक पडत नाही. पाती वाकडी असतील तर डावी-उजवी वेगळी असते. गाडी पुढे जाताना पात्यांची बाहेरची टोकं फिरण्याच्या दिशेच्या उलट, मागे झुकलेली हवीत. डिस्कच्या पृष्ठभागावर चिरा असतील तर त्या बघून बाजू ठरवू नका, कडेच्या फटीतून टॉर्च मारून पाती बघा.

आता भोकांची डिस्क. भोकांमुळे वजन थोडं कमी होतं, आणि पावसात पाण्याचा थर लवकर फुटून पॅड पटकन पकड घेतो. पण तेवढं बीड कमी झालं म्हणजे उष्णता साठवायची जागाही कमी झाली. मी एका गिऱ्हाइकाच्या हट्टापुढे नमून त्याच्या जड गाडीला अशा डिस्क बसवल्या होत्या. काही महिन्यांनी चाक उतरवलं तर एका भोकापासून शेजारच्या भोकापर्यंत केसासारखी रेघ दिसली. नख फिरवलं तर अडकलं. तडाच होता तो. त्याच दिवशी दोन्ही डिस्क काढल्या, आणि तेव्हापासून जड गाडीला किंवा डोंगरातल्या रोजच्या फेऱ्यांना मी भोकांची डिस्क लावत नाही. भोकं आरपार नसून नुसते खळगे असतील तर तड्याची भीती कमी असते.

चिरा पाडलेली डिस्क मला त्यापेक्षा पटते. चिरा पॅडचा वरचा भाजलेला, गुळगुळीत झालेला थर खरवडत राहतात, त्यामुळे पकड टिकते. बदल्यात पॅड लवकर झिजतात आणि जोरात ब्रेक लावला की घरघर ऐकू येते. भार ओढणाऱ्या गाडीला हा सौदा परवडतो. शहरात कामावर जाण्या-येण्यापुरत्या गाडीला त्याची गरज नाही.

दोन भागांची डिस्क म्हणजे मधली टोपी (चाकाच्या मध्याशी बसणारा भाग) ॲल्युमिनियमची आणि कडं (पॅड घासतात तो बाहेरचा भाग) बिडाचं. तापल्यावर कडं मोकळेपणाने फुगतं, वाकत नाही. वेगवान गाड्यांसाठी उत्तम. कार्बन-सिरॅमिक डिस्क बिडाच्या जवळपास निम्म्या वजनाची असते आणि गंजत नाही, पण चाक काढता-घालताना रिम आपटली तर तिची कड उडते. म्हणून चाक बोल्टच्या जागी लावलेल्या मार्गदर्शक पिनेवर सरकवूनच काढायचं. अनेक सिरॅमिक डिस्कवर किमान वजन कोरलेलं असतं, झीज त्यावरून ठरवतात. पॅडही तिच्याच जातीचे लागतात.

रोजच्या वापराला माझा कौल एकच: कंपनीच्या मापाची, जास्त कार्बन असलेल्या बिडाची साधी डिस्क, टोपीला आणि कडेला गंजरोधक लेप दिलेली. जास्त कार्बनमुळे उष्णता लवकर पसरते आणि आवाजही कमी होतो. विजेच्या गाडीत तर लेप हवाच. तिथे मोटारच बराचसा वेग कमी करते, ब्रेक क्वचित लागतो आणि डिस्क वापराविना गंजत बसते.

जुनी डिस्क बदलायची की नाही, हे मापावर ठरवा. टोपीवर किंवा कडेवर किमान जाडी कोरलेली असते. नवी २२ मिलिमीटरची असेल तर किमान बहुधा २० च्या आसपास असते. नुसता व्हर्नियर (जबड्यांची मापपट्टी) लावाल तर फसाल, कारण पॅड पोचत नाही तिथे कडेला ओठ राहतो आणि माप त्या ओठाचं येतं. मायक्रोमीटर (बारीक जाडी मोजायचं साधन) नसेल तर दोन्ही बाजूंना सारखी नाणी ठेवून मोजा आणि नाण्यांची जाडी वजा करा. आठ ठिकाणी मोजा. दोन ठिकाणांत ०.०२ मिलिमीटरचा फरक असला तरी पायाला थरथर जाणवू शकते.

अशी थरथर आली की सगळे म्हणतात, डिस्क बेंड झाली. मीही तेच समजत होतो. एका गाडीला दोनदा नव्या डिस्क घातल्या, आणि दोन्ही वेळा दोनेक हजार किलोमीटरनंतर थरथर परत आली. तिसऱ्यांदा डिस्क उतरवून हबवर (डिस्क आणि चाक बसतं त्या मधल्या भागावर) हात फिरवला तेव्हा नखाएवढी गंजाची खपली लागली. त्या खपलीमुळे डिस्क तिरकी बसत होती, दर फेऱ्याला त्याच जागी पॅडला घासत होती आणि तिथेच पातळ होत होती. तारेच्या ब्रशने आणि इमरी पेपरने हब चकचकीत केला, नवी डिस्क नटांनी घट्ट बसवली, डायल गेज (डिस्क किती डगमगते ते काट्यावर दाखवणारं साधन) लावून फिरवली. काटा ०.०३ मिलिमीटरवर थांबला आणि थरथर गेली ती गेलीच. बहुतेक गाड्यांत हा काटा ०.०५ ते ०.१० च्या आत हवा. हब साफ न करता नवी डिस्क बसवणं म्हणजे पैसे पाण्यात.

बसवण्याआधी डिस्कवरचं तेल ब्रेक क्लीनरने पुसा, गाडी घोडीवर (उचललेली गाडी पेलणाऱ्या स्टँडवर) नीट टेकवलेली असू द्या, चाकाचे नट टॉर्क पान्यानेच (ठरावीक जोर मोजणाऱ्या पान्यानेच) आवळा. नव्या डिस्कवर नवेच पॅड घाला. मग पॅड आणि डिस्क एकमेकांना बसावेत म्हणून मोकळ्या रस्त्यावर ताशी ६० वरून २० पर्यंत मध्यम जोराने आठ-दहा वेळा वेग कमी करा, मध्ये अर्धा किलोमीटर जाऊ द्या. पॅडच्या खोक्यात वेगळी सूचना असेल तर ती पाळा. तापलेल्या डिस्कवर ब्रेक दाबून उभे राहू नका, पॅडचा ठसा तिथेच बसतो. शेवटी दहा मिनिटं ब्रेक न लावता गाडी चालवून निवू द्या.

दुसऱ्या दिवशी टॉर्च मारून डिस्क पुन्हा बघा. राखाडी रंग पूर्ण रुंदीवर सारखा आला पाहिजे. एखादा पट्टा कोरा किंवा गंजलेला दिसला तर कॅलिपरच्या (पॅड दाबणाऱ्या भागाच्या) पिना अडकल्या असण्याची दाट शक्यता आहे. चाक उतरवा, पिना साफ करा, ग्रीस लावा आणि मगच गाडी रस्त्यावर काढा.