पेरूमधील वारी वसाहतींचे अवशेष कसे पाहावेत

इन्कांचे रेखीव दगडकाम डोळ्यांसमोर ठेवून वारी अवशेषांपाशी गेल्यास निराशा पदरी पडण्याचा संभव असतो. इन्कांच्या कित्येक शतके आधी, साधारणपणे इ.स. 600 ते 1000 या काळात, अँडीज पर्वतात सत्ता पसरवणाऱ्या वारी लोकांनी बहुतेक ठिकाणी ओबडधोबड दगड मातीत बसवून भिंती उभारल्या आणि त्यांवर गिलावा केला. तो गिलावा आता बहुतांशी गळून गेला आहे. म्हणून येथे एकेका दगडाकडे न पाहता भिंतींची आखणी न्याहाळावी.

ही आखणी ओळखण्याच्या खुणा ठरावीक आहेत. उंच भिंतींनी वेढलेली आयताकृती आवारे, त्यांत उघडा चौक आणि चौकाच्या कडेने लांब, अरुंद दालने ही पहिली खूण होय. भिंतीतून बाहेर आलेली दगडांची ओळ दिसली, तर तिच्यावर वरच्या मजल्याच्या तुळया टेकत असत, असे समजावे. एक बाजू सरळ आणि उरलेली गोलाकार असलेली, आतून कोनाडे असणारी वास्तू आढळली, तर ते वारींचे मंदिर असते.

सुरुवात आयाकुचो शहरापासून करणे उत्तम. तेथील इपोलितो उनानुए संग्रहालयातील मृत्पात्रे आधी पाहावीत, म्हणजे वारी चित्रशैली डोळ्यांत ठसते. शहरापासून वीस-पंचवीस किलोमीटरवर, किनुआ गावाच्या रस्त्याला, वारींची राजधानी आहे. निवडुंगांच्या रानात दडलेले हे विस्तीर्ण नगर घाईत पाहण्यासारखे नाही. वेगाचायोक मोको येथे वर सांगितलेल्या आकाराचे मंदिर दिसते, तर चेको वासी येथे घोटून गुळगुळीत केलेल्या प्रचंड शिळांची भूमिगत दफनगृहे आहेत. माझ्या मते संपूर्ण नगरातील सर्वांत बोलकी जागा हीच. उत्तम घडीव दगड वारींना साध्य होता, परंतु त्यांनी तो मोजक्या वास्तूंसाठी राखून ठेवला, हे येथे प्रत्यक्ष दिसते. वाटेत विखुरलेल्या खापऱ्या जेथल्या तेथेच राहू द्याव्यात, कारण पुरावस्तू परवानगीशिवाय देशाबाहेर नेणे पेरूच्या कायद्यानुसार गुन्हा आहे आणि जागेवरून हललेली खापरी अभ्यासकांच्या दृष्टीने जवळजवळ मुकी होते.

राजधानीनंतर पिकियाक्ता पाहावे. कुस्कोच्या आग्नेयेस सुमारे 30 किलोमीटरवर असलेल्या या वसाहतीचा मुख्य भाग सुमारे 745 बाय 630 मीटरचा आहे आणि जमिनीच्या चढउतारांची पर्वा न करता तो जाळीसारखा काटेकोर आखलेला आहे. प्रवेशासाठी कुस्कोचे एकत्रित पर्यटन तिकीट चालते. आत शिरण्यापूर्वी उंचावरून संपूर्ण आराखडा पाहून घ्यावा, कारण भिंतींच्या मधल्या वाटांवर दिशेचे भान लवकर सुटते. दालनांना दारे इतकी कमी आहेत की पूर्वी अनेकांनी त्यांना कोठारे मानले. पुढे पुरातत्त्वज्ञ गॉर्डन मॅकइवान यांच्या उत्खननांत तेथे वस्तीच्या खुणा मिळाल्या. जवळच्या रुमिकोल्का येथेही अवश्य थांबावे: मुळात वारींनी पाणी वाहून नेण्यासाठी बांधलेल्या या भिंतीला इन्कांनी पुढे घडीव दगडांचे आवरण चढवून प्रवेशद्वाराचे रूप दिले, त्यामुळे दोन्ही पद्धतींची तुलना एकाच जागी करता येते.

दक्षिणेकडे मोकेग्वा खोऱ्यातील सेरो बाउल हा सपाट माथ्याचा, तुटलेल्या कड्यांचा डोंगर मात्र पायी चढावा लागतो. तितिकाका सरोवराकाठच्या तिवानाकू या समकालीन सत्तेच्या सीमेवर वारींनी येथे ठाणे वसवले, मोये झाडाच्या फळांपासून चिचा हे मद्य बनवण्याची भट्टी चालवली आणि ठाणे सोडताना मेजवानीनंतर ती भट्टी विधिपूर्वक जाळून टाकली. माथ्यावर पाणी नाही आणि सावलीही नाही. म्हणून पुरेसे पाणी घेऊन पहाटेच निघावे. आयाकुचो आणि कुस्कोच्या बाजूला मे ते सप्टेंबर हे कोरडे महिने सोयीचे असतात; मात्र कुस्को सुमारे 3,400 मीटर उंचीवर असल्याने तेथे पोहोचल्यावर पहिला दिवस विश्रांतीसाठी ठेवावा.