अंथरुणातून उठताना मेंदूला सवड द्या

ग्वाल्हेरात मे महिन्यात आम्ही अजूनही गच्चीवर झोपतो. दोन वर्षांपूर्वी पहाटे साडेतीनला अण्णा, माझे सासरे, लघवीला म्हणून झटकन उठले आणि जिन्याच्या तोंडाशीच कोसळले. वय 78. कपाळाला चार टाके पडले. घरात सगळे म्हणाले, अशक्तपणा. मी 26 वर्षं नर्स होते, मला ते पटेना. सकाळी बीपीचं मशीन काढलं.

तुम्हीही घरी हे करा. माणसाला पाच मिनिटं शांत आडवं राहू द्या आणि बीपी घ्या. मग उभं करा, शेजारी तुम्ही खांद्याला खांदा लावून. उभं राहिल्यावर एक मिनिटाने आणि तीन मिनिटांनी पुन्हा घ्या. मशीनचा पट्टा बांधलेला हात हृदयाच्या उंचीवर हवा, लोंबकळता नको. वरचा आकडा 20 ने किंवा खालचा 10 ने उतरला, तर घेरी कुठून येते ते कळलं. अण्णांचा आडवं असताना 152/84 होता, उभं राहिल्यावर 118/70.

आता 118 म्हणजे वाईट आकडा नव्हे, असं आमच्या मुलाने म्हटलंच. मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम 2 टक्के, पण मिनिटाला पाऊण लिटरच्या आसपास रक्त त्याला लागतं. साठा काहीच नाही. पुरवठा पुरता थांबला तर दहा सेकंदांत शुद्ध जाते. म्हणून त्याने आपली सोय आपणच केलेली असते. दाब उतरला की त्याच्या बारीक धमन्या रुंदावतात, चढला की आवळतात, आणि प्रवाह बराचसा सारखा राहतो. पण वर्षानुवर्षं बीपी चढलेलं असेल, तर या धमन्यांना चढत्या दाबाचीच सवय लागते. तरुणाला चालणारा आकडा अशा माणसाला कमी पडू शकतो. शिवाय धमन्यांना जुळवून घ्यायला काही सेकंद लागतात, आणि उभं राहताच अर्धा-पाऊण लिटर रक्त पायांकडे नि पोटाकडे उतरतं. अण्णा त्या काही सेकंदांतच पडले.

तेवढे सेकंद मिळवायचे कसे? जाग आली की आडव्यानेच पावलं वर-खाली पंधरा-वीस वेळा हलवायची. पोटऱ्या आवळल्या की रक्त वर ढकललं जातं. मग कुशीवर वळून बसायचं, पाय खाली सोडून, निदान मिनिटभर. मग काहीतरी धरून उभं राहायचं आणि लगेच चालू लागायचं नाही. अंधारी आली तर पायाला पायाची अढी घालून मांड्या घट्ट आवळायच्या, मुठी वळायच्या. तरी कमी होत नसेल तर तिथल्या तिथे खाली बसायचं, जमिनीवर. घरच्यांनी माणसाला खुर्चीत ताठ बसवू नये, आडवं करून पाय उंच ठेवावेत.

रात्री पुरुषांनीही लघवी बसूनच करावी. उन्हाळ्यात पाणी कमी पडलं की हे सगळं वाढतं. मात्र हृदयाचा किंवा किडनीचा त्रास असेल तर किती प्यायचं ते डॉक्टरांना विचारा.

अण्णा घाबरले की भराभर श्वास घेत. त्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, मेंदूच्या धमन्या आवळतात आणि चक्कर वाढते. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवून सावकाश मोजत असे.

गोळ्या मनाने बंद करू नका. आठवडाभराचे आडवं असतानाचे आणि उभं राहिल्यावरचे आकडे वहीत लिहून डॉक्टरांपुढे ठेवा; आमच्या अण्णांची एक गोळी त्यावरूनच बदलली. तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं किंवा एक हात लुळा पडला तर मशीन शोधत बसायचं नाही, 108 लावायचा.

अण्णा आता खाली, दाराजवळच्या खाटेवर झोपतात. काल पहाटेची नोंद त्यांनी स्वतः लिहिली: निजून 148/82, तीन मिनिटं उभं राहून 136/78.