श्रद्धा जपायची कशी

वसईहून लग्न होऊन मी म्हापशाला आले. पहिलं बाळ गेलं तेव्हा हातात जपमाळ धरवेना. माझी श्रद्धाच संपली, असं मी सासूबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "मन कोरडं पडलंय गं. श्रद्धा वेगळी."

सुरुवात इथूनच करा. श्रद्धा, आशा, प्रीती हे तीन ईश्वरी सद्गुण. बाप्तिस्म्यात देव ते देतो. कमवावे लागत नाहीत, वापरावे मात्र लागतात.

संध्याकाळी चर्चची घंटा झाली की हातातलं काम ठेवा. विश्वासांगीकार, म्हणजे आपण काय मानतो ते सांगणारी प्रार्थना, घाईने म्हणू नका. दिवसाला एकच ओळ घ्या. जिथे मन अडेल तिथे थांबा आणि अडलंय हे देवालाच सांगा. मार्कच्या शुभवर्तमानात (9:24) आजारी मुलाचा बाप म्हणतो, माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाक. कित्येक महिने माझी तेवढीच प्रार्थना होती, आणि ती पुरली. शंका असतील तर फादरना विचारा.

कृतीवाचून श्रद्धा निर्जीव, असं बायबलमधल्या आपल्या पत्रात याकोब लिहितो. मे महिन्यात वाड्यावरच्या खुरसापुढे (क्रुसापुढे) लादाईन, म्हणजे सगळ्यांनी मिळून गायची प्रार्थना, असते. मी चणे उकडून नेते, आणि जाताना शेजारच्या एकट्या आजींना हात धरून सोबत घेते.