सर्वश्रेष्ठ रनिंग बॅक कसा ठरवावा

अमेरिकन फुटबॉलमधील सर्वश्रेष्ठ रनिंग बॅक, म्हणजे चेंडू घेऊन धावणारा आक्रमक खेळाडू, कोण, हा वाद निघाला की बहुतेक जण एनएफएल या व्यावसायिक लीगमध्ये धावून मिळवलेल्या एकूण यार्डांची यादी पुढे करतात. त्या यादीत एमिट स्मिथ १८,३५५ यार्डांसह पहिला, वॉल्टर पेटन १६,७२६ यार्डांसह दुसरा आणि फ्रँक गोर बरोबर १६,००० यार्डांसह तिसरा आहे. गोर अत्यंत चिवट खेळाडू होता, याबद्दल दुमत नाही. तरीही १५,२६९ यार्डांवर थांबलेल्या बॅरी सँडर्सपेक्षा तो सरस होता, असे त्याचा कट्टर चाहताही छातीठोकपणे म्हणणार नाही. ही यादी मुख्यतः कोण किती काळ टिकला ते सांगते, आणि म्हणून तुलनेची सुरुवात तिच्यापासून करू नये.

पहिले काम म्हणजे एकूण आकड्याला सामन्यांच्या संख्येने भागणे. हंगामाची लांबी काळानुसार बदलत गेली आहे: १९६० पर्यंत संघ १२ सामने खेळत, १९६१ पासून १४, १९७८ पासून १६ आणि २०२१ पासून १७. एका हंगामातील विक्रम एरिक डिकरसनच्या नावावर आहे. त्याने १९८४ मध्ये १६ सामन्यांत २,१०५ यार्ड काढले, म्हणजे सामन्यामागे सुमारे १३१.६. ओ. जे. सिम्पसनने मात्र १९७३ मध्ये १४ सामन्यांतच २,००३ यार्ड गाठले होते आणि त्याची सरासरी १४३.१ पडते. कारकिर्दीला हाच भागाकार लावला, तर जिम ब्राउन १०४.३ यार्डांवर, सँडर्स ९९.८ वर, पेटन ८८ वर आणि स्मिथ ८१.२ वर येतो. मूळ यादीचा क्रम इथे जवळजवळ उलटा होतो.

त्यानंतर प्रत्येक कॅरीमागचे, म्हणजे चेंडू घेऊन धावण्याच्या प्रत्येक प्रयत्नामागचे यार्ड पाहावेत. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचे असतात. त्यामुळे चारच्या थोडी वर असलेली सरासरी चांगली आणि दीर्घकाळ टिकवलेली पाचची सरासरी असामान्य मानावी. स्मिथची ४.२, पेटनची ४.४, सँडर्सची ५.० आणि ब्राउनची ५.२ आहे. स्मिथने ४,४०९ वेळा चेंडू वाहिला आणि ब्राउनने २,३५९ वेळा, ही गोष्टही सोबत नोंदवून ठेवावी, कारण थकलेल्या शरीराने खेळलेली उतरतीची वर्षे सरासरी खाली ओढतात आणि ब्राउनने ती वर्षे येऊच दिली नाहीत. १९६६ मध्ये, तीस वर्षांचा असताना, तो निवृत्त झाला.

सरासरीत एक फसवेपणा असतो, तो सँडर्सच्या बाबतीत नीट दिसतो. तो मागे वळे, आडवा पळे, पकडणाऱ्याला हवेत हात मारायला लावून भलत्याच दिशेने निसटे; त्यातून एखादी लांब धाव मिळे आणि कित्येकदा यार्ड उलट गमवावे लागत. ३१ डिसेंबर १९९४ रोजी ग्रीन बेविरुद्धच्या प्लेऑफ, म्हणजे बाद फेरीच्या, सामन्यात १३ कॅरींनंतर त्याच्या नावावर उणे एक यार्ड होता, आणि डेट्रॉइट लायन्स तो सामना १६-१२ असा हरले. याच खेळाडूने १९९७ मध्ये २,०५३ यार्ड काढले आणि सलग १४ सामन्यांत शंभरी ओलांडली.

याउलट, स्मिथचे यश डॅलस काउबॉइजच्या भक्कम ऑफेन्सिव्ह लाइनचे, म्हणजे त्याला वाट मोकळी करून देणाऱ्या पुढच्या फळीचे, होते, असे सर्रास म्हटले जाते. लाइन उत्तम होती हे खरेच. परंतु १९९३ मध्ये कराराच्या वादामुळे स्मिथ पहिले दोन सामने खेळला नाही, तेव्हा तीच लाइन असलेला संघ दोन्ही सामने हरला आणि तो परतल्यावर त्याच हंगामात सुपर बोल हा विजेतेपदाचा अंतिम सामना जिंकला. दोन सामन्यांवरून सिद्धान्त मांडू नये, हे मान्य. पण त्याच हंगामातील न्यू यॉर्क जायंट्सविरुद्धचा शेवटचा साखळी सामना अवश्य पाहावा: सामन्यातच उजवा खांदा निखळूनही स्मिथ खेळत राहिला आणि त्याने एकूण ३२ कॅरींत १६८ यार्ड काढले, शिवाय दहा पास झेलले, आणि डॅलसने जादा वेळेत १६-१३ असा विजय मिळवला. अशा दिवसाची किंमत कोणत्याही सरासरीत उमटत नाही.

झेललेले पास आणि ब्लॉकिंग, म्हणजे प्रतिस्पर्ध्याला अंगाने अडवणे, हेही रनिंग बॅकचेच काम आहे. मार्शल फॉकने १९९९ मध्ये धावून १,३८१ आणि पास झेलून १,०४८ यार्ड मिळवले. केवळ धावण्याचा तक्ता पाहणाऱ्याला त्या हंगामाचा मोठा भाग दिसतच नाही. पेटन तर ब्लॉक करी, झेल घेई आणि प्रसंगी स्वतः पास टाकी. त्याच्या कारकिर्दीत आठ टचडाउन पास, म्हणजे थेट गुण मिळवून देणारे पास, आहेत.

माझ्या मते सर्वांत भरवशाची कसोटी शेवटची आहे: खेळाडूला त्याच्याच काळातील इतरांशेजारी उभे करावे. नियम, मैदान, आहार, बचावाच्या रचना हे सारे त्या वर्षी सर्वांना सारखेच असते, त्यामुळे काळातील फरकाचा प्रश्न बराचसा मिटतो. सँडर्स, स्मिथ, डिकरसन आणि सिम्पसन यांनी प्रत्येकी चार हंगामांत लीगमध्ये सर्वाधिक यार्ड काढले. पेटनने फक्त एकदा, १९७७ मध्ये. ब्राउन १९५७ ते १९६५ या काळात नऊ हंगाम खेळला, ११८ पैकी एकही सामना चुकवला नाही आणि नऊपैकी आठ हंगामांत पहिला राहिला. १९६३ मध्ये १४ सामन्यांत त्याने १,८६३ यार्ड काढले, तेही कॅरीमागे ६.४ च्या सरासरीने.

त्यामुळे निव्वळ धावण्यासाठी माझा कौल ब्राउनला आहे. मात्र ब्लॉकिंग तो मनापासून करत नसे, हा त्याच्यावरचा जुना आक्षेप आहे. म्हणून क्वार्टरबॅकला, म्हणजे पास टाकणाऱ्या मुख्य खेळाडूला, वाचवण्यापासून पास टाकण्यापर्यंत सगळे एकाच माणसाकडून करून घ्यायचे असेल, तर मी पेटनला निवडेन.