निळ्या प्लंबॅगोची छाटणी फेब्रुवारीतच उरका

एम्प्रेस गार्डनचं पुष्पप्रदर्शन आटोपलं, पहाटेचा गारठा ओसरू लागला, की पुण्यातल्या प्लंबॅगोला, म्हणजे या निळ्या फुलांच्या शोभेच्या झुडपाला, कात्री लावायची वेळ आली असं समजा. या झाडाला फूल येतं ते नव्या फुटव्याच्या टोकाला. जुन्या काड्या तशाच ठेवल्या तर झुडूप वरवर वाढतं, खालून उघडं पडतं आणि फुलं चार टोकांपुरती उरतात. ‘झाड हिरवंगार आहे, पण फूल नाही’ या तक्रारीमागे बहुतेक वेळा न झालेली छाटणी असते किंवा कमी पडलेलं ऊन.

जमिनीतलं झुडूप दीड फुटावर आणा. कुंडीतलं ८ ते १० इंचांवर. एवढं कापायला हात धजत नाही, पण हे झाड कडक छाटणी उत्तम सोसतं. आधी वाळलेल्या आणि पेन्सिलीपेक्षा जाड, जून काड्या बुडातून काढा, मग उरलेल्या काड्या डोळ्याच्या (जिथून नवी फूट येते त्या जागेच्या) थोडं वर तिरक्या कापा. हातमोजे घाला. प्लंबॅगोच्या रसाने काहींच्या त्वचेवर लाली किंवा फोड येतात. आपला औषधी चित्रक याच कुळातला, पण पांढऱ्या फुलांचा. निळा प्लंबॅगो मूळचा दक्षिण आफ्रिकेचा, शोभेचा आहे. त्याची मुळी घरगुती औषधात वापरू नका.

छाटणीनंतर १२ इंची कुंडीला दोन मुठी गांडूळ खत आणि मूठभर निंबोळी पेंड मातीत हलवून द्या. युरिया नको, त्याने नुसता पाला माजतो. दोन-तीन आठवड्यांत फूट दिसते. ती ५-६ इंच झाली की एकदाच शेंडा खुडा, म्हणजे एका काडीच्या दोन-तीन होतील. पुन्हा पुन्हा खुडत बसलात तर फुलं येणं तेवढं लांबतं. कुंडीत दोन वर्षं झाली असतील तर याच वेळी झाड बाहेर काढून मुळांच्या गोळ्याचा बाहेरचा इंचभर थर खरवडा आणि नव्या मिश्रणात लावा: चार भाग तांबडी माती, तीन भाग कुजलेलं शेणखत, दोन भाग कोकोपीट, एक भाग जाड वाळू. काळी माती कुंडीत वापरू नका. ती पाणी धरून बसते आणि उन्हात आवळून भेगाळते.

पुण्यात खरा त्रास होतो तो चुनखडीचा. मातीचा सामू (पीएच, म्हणजे आम्ल-अल्कधर्मीपणाचं माप) ७.५ च्या वर, त्यात बोअरचं किंवा टँकरचं जड पाणी. कुंडीच्या काठावर पांढरे थर दिसत असतील तर हेच कारण. अशा मातीत लोह असूनही मुळांना मिळत नाही. कोवळी पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. पाणी वाढवून हे सुधारत नाही, उलट मुळं गुदमरतात. लिटरभर पाण्यात ३ ग्रॅम फेरस सल्फेट आणि १ ग्रॅम सायट्रिक ॲसिड विरघळवून संध्याकाळी पानांवर फवारा. दहा-बारा दिवसांनी पुन्हा एकदा. फरशीवर थेंब पडले तर तांबडे डाग राहतात, कुंडी आधी बाजूला घ्या. मातीतून द्यायचं असेल तर ईडीडीएचए प्रकारचं लोह चिलेट (मुळांना घेता येईल अशा रूपात बांधलेलं लोह) मागा. ईडीटीए प्रकारचं चिलेट चुनखडीच्या मातीत फारसं टिकत नाही. निळ्या फुलांसाठी हायड्रेंजिया आणणाऱ्यांनाही हीच माती नडते: त्याचा निळा रंग आम्ल मातीतच खुलतो, इथे तो गुलाबीकडे झुकतो.

घरात ठेवायचं असेल तर दक्षिण किंवा पश्चिमेची गॅलरी बघा. रोज किमान ५ तास थेट ऊन हवंच. दिवाणखान्याच्या कोपऱ्यात फांद्या लांबट, फिक्या होतात आणि कळ्या गळतात.

एप्रिल-मेमध्ये कुंडीला रोज सकाळी पाणी द्या, जमिनीतल्या झाडाला आठवड्यातून दोनदा आळं भरून पुरे. याच दिवसांत पानं खालून तपासा. बारीक जाळी, फिकट ठिपके म्हणजे कोळी ही रस शोषणारी बारीक कीड. पाण्याचा जोरदार फवारा पानांच्या खालच्या बाजूने मारला तर बराचसा आटोक्यात येतो. पिठ्या ढेकणासाठी लिटरला ५ मिली निंबोळी तेल आणि थोडा द्रव साबण, तोही ऊन उतरल्यावर. कळ्या कुरतडणाऱ्या छोट्या अळ्या दिसल्या तर लगेच औषध उचलू नका. झेब्रा ब्लू नावाचं लहानसं फुलपाखरू याच कळ्यांवर अंडी घालतं. चार फुलं जातात, झुडपाला धोका नसतो.

पावसाळा लागताच कुंडीखालची बशी काढा, साठलेल्या पाण्यात मुळं कुजतात. रोपं करायची तर जून-जुलै साधा: अर्धवट पक्व, ४-५ इंचांची, तीन-चार डोळ्यांची काडी घ्या, खालची पानं काढा आणि निम्मी वाळू, निम्मं कोकोपीट यात दोन डोळे गाडून सावलीत ठेवा. साधारण महिनाभरात मुळं धरतात. काडी हलकेच ओढून पाहा. अडली तर ६ इंची कुंडीत हलवा. कुंपण करायचं असेल तर पुढे दोन रोपांत अडीच ते तीन फूट अंतर ठेवा आणि बुडातून लांब पसरणारे फुटवे वेळच्या वेळी काढत राहा.