सब्लिमेशन प्रिंट पहिल्याच धुण्यात फिका: माझा अनुभव
सब्लिमेशन म्हणजे खास शाईने कागदावर छापलेली प्रतिमा उष्णतेने कापडावर उतरवणं. टी-शर्टवरचा प्रिंट हीट प्रेसमधून (तापवून दाबणाऱ्या यंत्रातून) निघताना बरा दिसायचा, पहिल्या धुण्यात निम्मा उडायचा. तापमान वाढवलं, वेळ वाढवला, शाई बदलली. कापड तेवढं पिवळं पडलं. अक्षरशः वैताग!

दोष सुती कापडाचा होता. सब्लिमेशनची शाई तापल्यावर घनरूपातून थेट वायू होते आणि पॉलिस्टरच्या धाग्यात शिरते. सुती धाग्यात तिला थारा नाही. (कॉफीच्या मगवर छापायला त्यावर आधी पॉलिमरचा, म्हणजे प्लास्टिकसारखा, थर लागतो तो याचसाठी.)

जमलं ते असं: पांढरा, 100 टक्के पॉलिस्टर शर्ट. आधी 5 सेकंद नुसताच दाबून ओल घालवली. आरशात दिसते तशी उलटी छापलेली प्रतिमा शाईची बाजू खाली करून उष्णतारोधक टेपने चिकटवली, वर कोरा कागद. मग 200 अंश सेल्सियस, 60 सेकंद, मध्यम दाब. कागद गरम असतानाच, जराही न सरकवता, उचलला. दहा वेळा धुतला. रंग तसाच आहे.